ऑगस्टचा वाटा

साहोनिया, आसुन्सिओन
२७ जुलै

नीमिया,

आशीर्वाद. ते रागावलेल्या माणसालाही द्यायचे असतात, म्हणून देते आहे.

आधीच सांगून टाकते, म्हणजे तुझा गैरसमज नको. मी तुझ्यासाठी आलेली नाही. मी शहर बघायला आले आहे. पिलारच्या सूतगिरणीत जन्मभर तुटलेले धागे जोडले, आता निवृत्त बाईनं राजधानीत येऊन जरा सावकाश फिरावं, यात कुणाचं काय गेलं? लोक परदेशांतून येतात इथे, महिना महिना राहतात, बाकांवर बसतात आणि घरी पत्रं पाठवतात की काय शांत शहर, काय हिरवं शहर. मीही तेच करणार आहे. एलोदियाकडे खोली घेतली आहे. एलोदिया तुला आठवत असेल, माझी पिलारची मैत्रीण, तुझ्या लहानपणी तुला चीपाच्या पावाचे कडक कोपरे मोडून द्यायची. तिची खाणावळ तुझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर निघाली हा निव्वळ योगायोग.

तर शहराचं वर्णन. झाडं पुष्कळ आहेत. दोन्ही बाजूंची झाडं रस्त्यावर एकमेकांना टेकली आहेत, त्यामुळे भर दुपारीसुद्धा खालून चालताना सावली सुटत नाही. कडू संत्री फुटपाथवर पडून असतात, कुणी उचलत नाही. लापाचो फुलला आहे. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी एक आहे, त्याला पान एक नाही, नुसती गुलाबी फुलं. तो मी आज तीनदा बघितला.

एलोदिया म्हणाली, "शहर बघायला आलीस ना? मग रोज त्याच गल्लीत काय बघतेस? तिथे राष्ट्राध्यक्षांचा वाडा आहे का?"

"झाडं बघते," मी म्हणाले.

"झाडं माझ्या दारात पण आहेत. आणि ती तुझ्याकडे पाठ फिरवत नाहीत."

तिचं तोंड तुला माहीत आहे.

दुपारी जेवणं झाली की इथे सगळं बंद होतं. पाखरूसुद्धा बोलत नाही. लोकांना हे आवडतं म्हणे. मला सोसत नाही. पिलारला निदान गिरणीचा भोंगा तरी होतो. इथे त्या शांततेत पडल्या पडल्या नको नको ते मनात येतं. मन चिंती ते वैरी न चिंती.

एलोदिया रक्तदाबाच्या गोळ्या जिथून घेते ते औषधांचं दुकान तुझ्या नवऱ्याचं आहे, म्हणजे तो तिथे कामाला आहे. त्यानं तिला सांगितलं आणि तिनं मला फोनवर सांगितलं की तुझे पाय सुजलेत, दाब चढतो आणि डॉक्टरांनी तुला बाळंतपणापर्यंत अंथरुणातून उठायचं नाही असं बजावलं आहे. मी हे फक्त ऐकलेलं लिहिते. मी काही विचारलं नव्हतं.

पत्र तुझ्या फाटकाच्या गजांत खोचून ठेवते.

तुझी आई
(अजून तरी)


१ ऑगस्ट

नीमिया,

पहिलं पत्र गजांतून गेलं होतं. तू घेतलंस की वाऱ्यानं, ते देव जाणे.

आज काय आहे ते तुला सांगायला नको. ऑगस्ट लागला. ऑगस्ट रोड गायी नेतो आणि म्हातारी माणसं नेतो असं सगळे म्हणतात, पण तो बाळंतिणीही नेतो हे आपल्या घरात जास्त माहीत आहे. माझी आई ऑगस्टातच गेली, माझ्या पाठच्या भावाच्या वेळी, आणि तो पण गेला. मी ओट्याखाली बसून होते आणि मला कुणी बाहेर काढलं नाही. हे मी तुला पूर्वी कधी सांगितलं नव्हतं. आता का सांगते आहे, तेही कळत नाही.

पहाटे एलोदियानं बाटली काढली. उसाची दारू, सतापाची पानं, लिंबू. आठवडाभर मुरवलेलं. रिकाम्या पोटी घेतलं की ऑगस्ट अंगाला लागत नाही. खाणावळीतले सगळे ओळीनं उभे होते, त्यांच्यात एक बँकेतला साहेबही, टाय लावून. मी विचार करत होते की तुला कोण देणार. मग आठवलं की सताप पोटुशीला चालत नाही, कळा लवकर सुरू होतात. म्हणजे घेतलं तरी धोका आणि न घेतलं तरी धोका. 

मग मी ग्लास पुढे केला आणि म्हणाले, "एलोदिया, हा माझा झाला. आता नीमियाचा ओत."

"तिचा तू पिणार?"

"आईनं प्यायलेलं लेकीला लागत नाही का?"

"लागतं बाई, लागतं," ती ओतता ओतता म्हणाली. "दूध लागतं तर दारू का नाही लागणार?"

तो मी प्यायले. मग बाळाचाही प्यायले, कारण त्याच्या डोक्यावर अख्खा ऑगस्ट आहे आणि अजून ते स्वतः काही पिऊ शकत नाही. एलोदियानं चौथा भरला. "जावयाचा?" मी म्हणाले, त्याला सर्दी-पडशाच्या गोळ्या खूप आहेत दुकानात. तिनं तो परत बाटलीत ओतला आणि बूच घट्ट लावलं.

साडेसात वाजता मी जिना चढताना दोन पायऱ्या चुकले. बँकेतल्या साहेबानं हात धरून मला खोलीपर्यंत सोडलं. तेव्हा आज शहर बघणं झालं नाही.

पाय उशीवर ठेवत जा. दोन उशा.

आई


८ ऑगस्ट

नीमिया,

आज एका खुर्चीबद्दल लिहायचं आहे.

संध्याकाळी तुमच्या गल्लीत सगळे खुर्च्या बाहेर काढतात, तेरेरेसाठी गार पाण्याचा थर्मास आणि पानं भरलेला पेला घेतात आणि फुटपाथवर बसतात. हे पिलारलाही करतात. मी सहसा समोरच्या बाजूनं जाते, आंब्याच्या खाली जरा थांबते, कारण त्या आंब्याला मोहोर आला आहे आणि तो बघण्यासारखा आहे. परवा तुमच्या फाटकाबाहेर एक खुर्ची होती. रिकामी. वेताची, पाठीला गादी बांधलेली. कालही होती. आजही होती. तिच्यावर कुणी बसत नाही आणि अंधार पडला की तुझा नवरा येऊन ती आत नेतो.

एलोदियाला सांगितलं तर ती म्हणते, "ती तुझ्यासाठी आहे, गाढवे."

"कशावरून?"

"रिकाम्या खुर्चीवर नाव लिहायची पद्धत अजून निघालेली नाही."

मला तसं वाटत नाही. ती वाळत घातलेली असेल. पण समज, माझ्यासाठीच असली, तर ठेवणारा कोण? तू अंथरुणात. म्हणजे तो. आणि त्याच्या खुर्चीवर मी बसावं अशी त्यानं अपेक्षा करू नये. दोन वर्षांत मी काही विसरलेली नाही.

तू त्याला पहिल्यांदा पिलारला घेऊन आलीस तेव्हा अंगणात तुझे दोन्ही काका होते, शेजारचे होते, मी स्वतः तेरेरे केला होता, चांगल्या शिंगाच्या पेल्यात, तुझ्या वडिलांच्या. एक पेला, एक नळी, सगळ्यांची तोंडं. हेच तर असतं त्यात. सगळे प्यायले, त्याची पाळी आली. त्यानं पेला घेतला, खिशातून इस्त्रीचा रुमाल काढला आणि सगळ्यांच्या देखत नळी पुसली. माझ्या घरात! जणू आम्ही महारोगी. मी पेला त्याच्या हातातून काढून घेतला आणि जमिनीवर ओतला. माझ्या जागी कुठल्याही आईनं हेच केलं असतं. आणि तू काय केलंस? पिशवी उचललीस आणि त्याच्याबरोबर तीनच्या बसनं निघून गेलीस. लग्नाचं मला तिसऱ्याकडून कळलं.

हे सगळं आज पुन्हा उगाळायचं नव्हतं. खुर्चीमुळे निघालं.

काल तुमच्या खिडकीची एक फळी उघडी होती. वारा असेल. पण उघडी असेल तर रात्री लाव, दक्षिणेचा वारा सुटला आहे.

आई


१२ ऑगस्ट

नीमिया,

आज तो रस्ता ओलांडून आला.

मी आंब्याखाली उभी होते. पांढरा डगला घालून होता, दुकानातून तसाच आलेला. माझ्यापासून दोन हात लांब उभा राहिला आणि म्हणाला, "लिब्रादाबाई, त्या बाजूला बसायची सोय आहे."

"मला उभं राहायला आवडतं," मी म्हणाले.

"बरं." तो तिथेच उभा राहिला. आम्ही दोघं मोहोर बघत होतो. मग म्हणाला, "नीमिया विचारते, शहर बघून झालं का?"

मला हसू आलं, पण मी ते दाबलं. "तिला सांग, अजून बरंच राहिलंय. मोठं शहर आहे."

"सांगतो."

"दाब किती आहे तिचा?"

त्यानं आकडा सांगितला. तो आकडा मी लिहीत नाही. सांगताना त्याचा आवाज चांगला होता, पण तो डगल्याचं वरचं बटण सारखं लावत होता आणि काढत होता.  घाबरलेला माणूस खोटं बोलतो तेव्हा हातांना काम देतो, गिरणीत मी हे फार बघितलं आहे.

"डॉक्टर काय म्हणतात?"

"सप्टेंबर गाठायचा म्हणतात. सप्टेंबरचा शेवट गाठला तर उत्तमच."

"आणि नाही गाठला तर?"

"तर आधी काढतील," तो म्हणाला आणि मग एकदम, "तुम्ही आत का येत नाही? ती खिडकीतून रोज बघते तुम्हाला. खुर्ची तिनंच ठेवायला सांगितली. तिथे ठेवली तर तिला पलंगावरून तुमचं तोंड दिसेल. इथे उभ्या राहिलात की नुसता झाडाचा बुंधा आणि तुमची पिशवी दिसते."

मी काय बोलले ते मला धड आठवत नाही. उशीर झाला, एलोदिया वाट बघत असेल, असं काहीतरी. आणि मी निघून आले. नीमिया, मला तुझ्या घरात यायची भीती वाटते. रागाचं सोड. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तो राग आहे तिथे आहे. पण भीती वेगळी. मी आत आले, तुझे पाय बघितले, तोंड बघितलं आणि ते माझ्या आईसारखं दिसलं, तर मी काय करू? तिच्याही तोंडावर सूज होती. झाडाखालून मला ते दिसत नाही म्हणून मी झाडाखाली उभी राहते.

हे पत्र द्यावं की नाही ठरवलेलं नाही.


१५ ऑगस्ट

नीमिया,

मागचं पत्रही दिलं. एलोदियानं दिलं, मला न विचारता, तिच्याशी मी दोन तास बोलत नव्हते.

आज शहराचा वाढदिवस आणि देवीचा सण. एलोदियानं मला ओढून खाडीवर नेलं. देवीची मूर्ती फुलांत बुडालेली, बँड, पांढऱ्या कपड्यांतली पोरं, नदी ताटात ठेवल्यासारखी स्थिर. सगळे म्हणत होते काय सुंदर, काय सुंदर. मला फक्त रुग्णवाहिका दिसत होती, गर्दीच्या कडेला उभी केलेली, आणि मी मनात म्हणत होते की हिला आज कुणाचं बोलावणं न येवो. देवीपुढे मेणबत्ती लावली. नवस बोलले, तो सांगत नाही.

मग ठरवलं. आजच्या दिवशी जायचं. घरी येऊन चांगला झगा घातला, केस विंचरले, मक्याच्या पिठाची जाड, पावासारखी सोपा भाजली, तुला आवडते तशी, कांदा भरपूर, आणि तुमच्या फाटकाशी येऊन उभी राहिले. सोपाची पिशवी कोपराला अडकवली आणि आत हाक पोचावी म्हणून टाळी वाजवायला हात वर केले.

आणि तेव्हा लक्षात आलं की दुपारची झोपेची वेळ आहे. सगळी गल्ली गुडूप. या वेळी कुणाच्या फाटकात टाळ्या वाजवणं म्हणजे एक तर आग लागली असली पाहिजे, नाहीतर तुम्हाला वळण नाही. तू झोपली असशील. दचकून उठलीस तर दाब चढेल. मी हात तसेच वर धरून किती वेळ उभी होते कोण जाणे. पलीकडच्या गच्चीवर एक मांजर बसलं होतं, ते माझ्याकडे बघत होतं. मग सोपा फाटकाच्या खांबावर ठेवली, वर कापड झाकलं आणि परत आले.

एलोदिया म्हणाली, "दोन वर्षं अडून बसलीस, आता तासभर बसायला काय झालं होतं? तिथेच खुर्ची मागायची!"

"खुर्ची आत होती."

"मग फुटपाथ होता."

उद्या येते. सकाळी येते. सकाळी टाळी वाजवायला हरकत नसते.

आई


२० ऑगस्ट, हॉस्पिटल

नीमिया,

तू आत आहेस आणि मी बाहेर बाकावर. तू हे कधी वाचशील माहीत नाही. हातांना काहीतरी हवं म्हणून लिहिते.

उद्या येते म्हणाले आणि आले नाही. उद्याचं परवा झालं, परवाचं तेरवा झालं. रोज सकाळी झगा घालायचे आणि एलोदियाच्या अंगणातल्या पेरूपर्यंत येऊन परत फिरायचे. आज काय झालं काय माहीत, न विंचरता, चपला घालून सरळ चालत आले आणि फाटकात टाळी वाजवली. जोरात. तीनदा. कुणी "या" म्हणालं नाही. पुन्हा वाजवली. मग बघितलं तर फाटकाला कुलूप, आणि खुर्ची आत अंगणात आडवी पडलेली. तुझा नवरा वस्तू जागच्या जागी ठेवणारा माणूस आहे. त्यानं खुर्ची तशी टाकली म्हणजे काय झालं असेल ते मला कळलं.

समोरची बाई धावत आली. "तुम्ही आई ना? झाडाखालच्या? पहाटे नेलं हो तिला, डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणाली, मग झटके आले. त्यानं उचलूनच गाडीत घातली."

झाडाखालची आई! सगळ्या गल्लीला माहीत होतं.

हॉस्पिटलच्या अंगणात माणसंच माणसं. खुर्च्या घरून आणलेल्या, थर्मास, चादरी. त्यांच्यात तो उभा होता, एका पायात बूट आणि एका पायात घरची चप्पल.  पांढऱ्या डगल्याशिवाय तो फार लहान दिसतो, नीमिया. मला कधी दिसलंच नव्हतं.

मी विचारलं, "जिवंत आहे ना?"

"दोघी आहेत," तो म्हणाला. "मुलगी झाली. पोट फाडून काढली. काचेच्या पेटीत ठेवलीय, एवढीशी आहे. नीमियाला अजून शुद्ध नाही. दाब उतरत नाही."

मग त्यानं खिशातून बाटली काढली, हाताला लावायच्या स्पिरिटची, आणि त्यात रुमाल भिजवून बाकावरची जागा पुसली. इतकी घासून पुसली की जणू मी राणी आहे. म्हणाला, "बसा. इथे सगळे आजारी बसतात."

मी बसले. तो वरच्या मजल्यावर धावतो, औषधाची चिठ्ठी घेऊन खाली येतो, बाहेर पळतो, परत येतो. प्रत्येक वेळी माझ्याकडे बघून नुसती मान हलवतो, म्हणजे अजून तसंच. मी त्याला म्हणाले, बुटाची नाडी बांध, पडशील. त्यानं बांधली. चपलेला नाडी नसते, म्हणून एकच.

ऑगस्टचा मी दोघींचा वाटा घेतला होता. नीट घेतला होता. एक थेंब सांडला नव्हता. मी हे इथे बसून देवीला सारखं सांगते आहे.

उठ ग पोरी.


३१ ऑगस्ट, तुमच्या घरून

नीमिया,

हॉस्पिटलातल्या नर्सबाई म्हणतात की पहिल्या दोन दिवसांतलं तुला काही आठवणार नाही, गुंगी होती. म्हणून हे लिहून ठेवते. नंतर तू म्हणशील, असं झालंच नाही.

तू डोळे उघडलेस ती सकाळ. बाईंनी आम्हा दोघांना आत सोडलं, हात कोपरापर्यंत धुवायला लावून. तुझे ओठ फुटले होते आणि तू पाणी पाणी करत होतीस. बाई म्हणाल्या, फक्त घोटभर, आणि पडल्या पडल्याच द्या, उठवायचं नाही. चमचा नव्हता. माझ्या पिशवीत तुझ्या वडिलांचा शिंगाचा पेला होता आणि नळी. रात्रभर त्या अंगणात बाकावर होती ती पिशवी, कुणाकुणाच्या खोकल्यात. मी बाईंकडून उकळतं पाणी मागून नळीवर ओतलं. मग पदरासारखा झग्याचा कोपरा हातात आला, तो सोडला. तुझ्या नवऱ्याकडे हात केला. त्यानं इस्त्रीचा रुमाल दिला. आणि मी नळी पुसली. टोकाला पुसली, बुडाला पुसली, पुन्हा टोकाला पुसली. तो छताकडे बघत होता. छतावर काही नव्हतं.

नळी तुझ्या ओठांना लावली. तू प्यायलीस. मग एक डोळा उघडून म्हणालीस, "आई, पुसलीस?"

"पुसली."

"मग ओत आता जमिनीवर."

आणि हसलीस, आणि टाक्यांना कळ लागून ओरडलीस, आणि बाईंनी आम्हाला बाहेर काढलं. व्हरांड्यात तुझा नवरा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. आधी वाटलं हसतोय. मग मी जवळ गेले आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला.

नंतर बाकावर बसून मी तेरेरे केला. त्याला दिला. त्याचा हात सवयीनं खिशाकडे गेला आणि तसाच रिकामा बाहेर आला. मी म्हणाले, "पूस रे, पूस. हॉस्पिटल आहे." त्यानं पुसली, प्यायला, पेला परत दिला. मग मी प्यायले. त्यानंतर पुसायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

आता इकडचं. त्यानं मला किल्ली दिली आहे, बाळाचे कपडे उकळायला आणि झाडांना पाणी घालायला. पहिल्या दिवशी किल्ली हातात धरून मी फाटकात टाळी वाजवली. समोरची बाई ओरडली, "अहो, जा की आत!" तेव्हा गेले. तुझा पलंग बघितला. त्यावरून खरंच नुसता बुंधा दिसतो.

छोटीनं काल काचेच्या भोकातून माझं बोट धरलं. पकड चांगली आहे, धागा जोडता येईल. दूध पोटात टिकतं म्हणतात. तुझा दाबही उतरतो आहे, पण तो रोज संध्याकाळी जरा चढतो, आणि संध्याकाळ झाली की मी काळजीशिवाय दुसरं काही करू शकत नाही. डॉक्टर म्हणतात काळजी नको. त्यांना म्हणायला काय जातं.

आज सकाळी तुझा नवरा अंघोळीला आला. रात्रभर तुझ्याजवळ जागलेला. दक्षिणेचा वारा सुटलाय आणि हा पातळ सदऱ्यात. दारात उभा राहून खोकला. नुसता घसा साफ करायचा खोकला होता, तो म्हणतो. पण त्याची गालफडं बसली आहेत, गळ्याचं हाड वर आलंय, रोड गायीसारखा दिसत होता. आणि मला एकदम ती पहाट आठवली, एलोदियानं चौथा ग्लास भरला होता आणि मी काय म्हणाले होते ते.  मी तशीच पळत दोन गल्ल्या गेले. एलोदियाकडे बाटलीच्या तळाशी थोडं होतं. ती म्हणाली, "आज? अगं, हे एक तारखेला घेतात. उद्या सप्टेंबर!" मी बाटली हिसकावली आणि पळत आले.

तो अंघोळ करून बाहेर येत होता. तुमच्या फडताळातला पहिला ग्लास हाताला लागला त्यात ओतलं.

"हे काय, लिब्रादाबाई?"

"पी. काही खाल्लं नाहीस ना अजून? रिकाम्या पोटी घ्यायचं."

त्यानं वास घेतला आणि त्याला कळलं. "आज एकतीस तारीख आहे."

"ठाऊक आहे. दिवस अजून मावळलेला नाही."

"माझं राहिलं होतं का?"

"राहिलं नव्हतं," मी म्हणाले. "मीच ठेवलं नव्हतं."

तो ग्लासाकडे बघत राहिला. ग्लासावर धूळ होती, माझ्या बोटांचे ठसे उमटले होते, ते मला तेव्हा कुठे दिसले. त्यानं तो तसाच तोंडाला लावला आणि एका दमात प्यायला. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या, कडक होतं. मग स्वेटर घातला, मी घालायला लावला, आणि तुझ्याकडे निघाला.

मी फाटकात उभी राहून तो लापाचोपाशी वळेपर्यंत बघत होते. फुलं सगळी खाली पडली आहेत आता, त्यांच्यावरून चालत गेला. दिसेनासा झाल्यावर वाटलं, एवढ्याशानं काय होणार, महिनाभर उशिरा घेतलेलं, तेही तळाचं. म्हणून बाटलीत जे काय उरलं होतं ते मी त्याच्या नावानं पिऊन टाकलं.

आई